गुरूचाही सातबारा पाहावा

(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातले जसेच्या तसे ठेवले आहे.)



मला संयोजकांनी 'निवृत्तीनंतरचं नियोजन' हा विषय दिला होता. मी तो थोडा वळवून घेतला आहे. कारण गेले तीन आठवडे आपल्या गटावर एकच चर्चा चालू आहे. सुरतेला दोन दिवसांचं जमीन-गुंतवणुकीचं शिबिर आहे, फी अठरा हजार. शिकवणारे गृहस्थ स्वतःला जमिनीतले गुरू म्हणवतात. त्यांच्या चित्रफिती आपल्यापैकी निम्म्यांनी पाहिल्या आहेत. शिबिर करून आल्यावर आपण वीस-पंचवीस जणांनी प्रत्येकी दोन-अडीच लाख काढायचे आणि ते सांगतील तिथे, बहुतेक धोलेऱ्याच्या बाजूला, एकत्र प्लॉट घ्यायचे, असा बेत आहे.

गटावर सात-आठ जणांनी मला विचारलं, "आप्पा, तू तलाठी होतास, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालास. तू सांग, माणूस भरवशाचा वाटतो का?" मी गटावर उत्तर दिलं नाही. ते आज इथे देतो. पण त्याआधी मला स्वतःचा एक जुना हिशेब तुमच्यापुढे मांडावा लागेल.

गोष्ट २००८ सालची. नंदुरबारला एका सभागृहात जमिनीच्या योजनेची सभा होती. मला एका नातेवाइकाने नेलं. कंपनीचं नाव मी घेत नाही, ती आता नाही. मंचावरच्या माणसाची ओळखच 'गुरुजी' म्हणून करून दिली. बोलणं असं गोड की दोन तास कुणी जागचं हललं नाही. गरिबीतून वर आल्याची कथा, आईचे हाल, पहिला प्लॉट, मग शंभर प्लॉट. योजना अशी होती: दरमहा हजार रुपये, पाच वर्षं भरायचे. सहाव्या वर्षाच्या शेवटी एक तर प्लॉट, नाही तर एक लाख रुपये. साठ हजारांचे एक लाख. तेव्हा पोस्टाची आवर्ती ठेव साडेसात टक्के देत होती. या योजनेचा हिशेब मांडला तर तो पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. तो हिशेब मी त्या दिवशी मांडला नाही.

मी पैसे भरले. आता गंमत बघा. मी तलाठी. दुसऱ्याच्या सातबाऱ्यात नावातला काना-मात्रा चुकला तरी मी अर्ज परत करायचो. आणि माझ्या हातात कंपनीने जो कागद दिला, त्यावर गाव नव्हतं, गट नंबर नव्हता, चतुःसीमा नव्हती. 'कंपनी ठरवील त्या ठिकाणी' एवढंच लिहिलेलं. असा कागद घेऊन कुणी माझ्या सज्जात आलं असतं तर मी हसलो असतो. माझा स्वतःचा कागद मात्र मी घडी करून कपाटात ठेवला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे सांगितलं नसतं. आपल्या वर्गातला एक मित्र त्या वर्षी कापूस विकून आला होता. पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणून त्याने ऐंशी हजार बाजूला ठेवले होते. बसस्टँडवर चहा पिताना मी सहज बोलून गेलो की मीही भरतोय. त्याने मला एकच विचारलं, खरंच भरतोस का. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "तू भरी ऱ्हायना ना, मंग माले काय इचारनं शे?" दुसऱ्या दिवशी त्याने सगळी रक्कम एकहाती भरली.

पाच वर्षांनी नंदुरबारचं कार्यालय बंद झालं. पाटी निघाली. आधी फोन लागायचा, मग तोही लागेना. माझे साठ हजार गेले, त्याचे ऐंशी गेले. पोरीचं शिक्षण पुढे कर्ज काढून झालं. आज ती नोकरीला आहे, देवाची कृपा. पण त्या मधल्या दोन वर्षांत मी त्याच्या घरी गेलो नाही. जाऊ शकलो नाही. शेवटी गेलो तेव्हा चाळीस हजार घेऊन गेलो. त्याने घेतले नाहीत. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय, आणि हे सांगायची परवानगी त्यानेच दिली आहे.

मला एक गोष्ट फार उशिरा कळली. माझ्या मित्राने कंपनीवर विश्वास ठेवलाच नव्हता. त्याने त्या गुरुजींना पाहिलंही नव्हतं. त्याने विश्वास ठेवला तो माझ्यावर. आणि मी? मी कुणावर ठेवला? नातेवाइकावर. त्याने कुणावर? त्याच्या साडूवर. अशी ही साखळी. प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवतो आणि कागद कुणीच वाचलेला नसतो. म्हणून 'माणूस भरवशाचा वाटतो का' हा प्रश्नच मी बाद करायला सांगतो. वाटण्यावर जाऊ नका. आपण जमीन घेताना मालक देवमाणूस आहे म्हणून घेत नाही, सातबारा पाहतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकणारा कितीही गोडवे गावो, आपण घोड्याचे दात पाहतो, चाल पाहतो. मग जमिनीचा गुरू करताना त्याचा सातबारा का पाहू नये?

तर आता आपण गुरूचा सातबारा वाचू. रकाने तेच घेऊ.

पहिला रकाना, भोगवटादाराचं नाव. गुरू म्हणतो, माझ्या चाळीस मालमत्ता आहेत. छान. त्यातल्या पाचांचे गट नंबर आणि गाव सांगा म्हणावं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जमिनीचा सातबारा आज महाभूलेखवर कुणालाही पाहता येतो. खरेदीखतांची सूची क्रमांक दोन काढता येते. त्याला पाच मिनिटं लागतात. ज्याची जमीन खरी आहे त्याला गट नंबर सांगायला काय अडचण? 'गोपनीय आहे' म्हणाला तर समजून घ्या. मोटार, बंगला, दुबईतले फोटो ही मालकीची नोंद नव्हे. मोटार भाड्याने मिळते, सभागृहही भाड्याने मिळतं.

दुसरा भाग, गाव नमुना बारा. पीकपाहणी. शेतात प्रत्यक्षात काय पिकतं? हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. गुरूचं पीक जमीन आहे की शिबिर आहे?

आता आपल्याकडच्या प्रत्येक पुस्तकाच्या दुकानात 'रिच डॅड पुअर डॅड' दिसतं, मराठीतही मिळतं. १९९७ साली आलेलं रॉबर्ट कियोसाकी यांचं पुस्तक. मीही वाचलंय, आणि खर्चावर लक्ष ठेवा, देणी वाढवू नका हे त्यातलं मला पटतं. पण २०१२ साली त्यांच्या एका कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, त्यामागचं कारण बघण्यासारखं आहे. त्यांची व्याख्यानं आणि शिबिरं भरवणाऱ्या एका संस्थेने नफ्यातला आपला वाटा मागितला. न्यायालयाने सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर द्यायला सांगितले. त्यानंतर ती कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणजे भांडण कशावरून? इमारतीच्या भाड्यावरून नव्हे. शिबिरांच्या पैशावरून. एवढी मोठी रक्कम कुठे पिकत होती ते त्यावरून दिसतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेचंच. डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाने २००५ साली 'ट्रम्प युनिव्हर्सिटी' निघाली. ते विद्यापीठ नव्हतंच. स्थावर मालमत्तेचे धडे देणारी ती कंपनी होती. पहिली सभा फुकट. तीन दिवसांचा वर्ग १,४९५ डॉलर. मग वरचा वर्ग सुमारे ३५,००० डॉलर. शिक्षक ट्रम्प यांनी स्वतः निवडलेले आहेत असं जाहिरातीत होतं, आणि ते तसं नव्हतं असं खटल्यात पुढे आलं. २०१६च्या नोव्हेंबरात अडीच कोटी डॉलर देऊन दावे मिटवले गेले. चूक कबूल केली नाही, पण पैसे दिले. आपल्या सुरतेच्या शिबिराच्या पत्रकात काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. पहिलं सत्र फुकट, दोन दिवसांचे अठरा हजार, आणि खाली बारीक अक्षरात 'निवडक सभासदांसाठी वैयक्तिक मार्गदर्शन, शुल्क वेगळे'. जिना तोच आहे, पायऱ्या तेवढ्याच आहेत.

हिशेबापुरतं धरा. सभागृहात दोनशे जण, त्यातल्या वीस जणांनी पन्नास-पन्नास हजार भरले. झाले दहा लाख, एका शनिवार-रविवारात. आपल्याकडे पपईच्या एका एकराला दहा लाख दाखवायला किती हंगाम लागतात, तेही पाऊस, रोग आणि व्यापारी तिन्ही सांभाळून, हे शहाद्याच्या माणसाला मी सांगायला नको. ज्याला इतकं सोपं पीक सापडलंय, तो जमिनीच्या खऱ्या पिकाच्या मागे कशाला लागेल?

तिसरा रकाना, इतर हक्क. इथे बोजा लिहिलेला असतो. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा. गुरूच्या सातबाऱ्यावरचा बोजा म्हणजे दलाली. तो ज्या प्लॉटची शिफारस करतो, तो विकला गेला की त्याला किती मिळतात? सरळ विचारा. आणि दुसरं विचारा: तुमचा रेराचा एजंट क्रमांक काय? २०१६च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या प्रकल्पातले प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्याला एजंट म्हणून नोंदणी करावी लागते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडले असतील तर नोंदणीशिवाय विक्री तर सोडाच, जाहिरातही करता येत नाही. महाराष्ट्रात महारेरा, गुजरातेत गुजरेरा. आणि करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. 'आज बुकिंग करा, उद्या भाव वाढणार' म्हणणाऱ्याला हे कलम तेरा वाचून दाखवा.

धोलेऱ्याबद्दल दोन शब्द. धोलेरा खोटा नाही. गुजरात सरकारचा तो खरा प्रकल्प आहे, अहमदाबाद जिल्ह्यात आहे, सुमारे ९२० चौरस किलोमीटरचा आहे, विमानतळाचं काम चालू आहे. पण प्रकल्प खरा असला म्हणून तुम्हाला दाखवलेला प्लॉट खरा होत नाही. राजस्थानात सीकरच्या बाजूला याच धोलेऱ्याच्या नावाने 'नेक्सा एव्हरग्रीन' नावाच्या कंपनीने हजारो लोकांकडून अडीच हजार कोटींहून जास्त रुपये गोळा केल्याचा आरोप आहे, आणि २०२५ साली सक्तवसुली संचालनालयाने त्यात छापे घातले. त्यात निवृत्त सैनिक होते, शिक्षक होते. आपल्यासारखेच. वर्तमानपत्रातल्या खऱ्या बातमीच्या आडोशाला खोटा कागद बसतो.

चौथं, फेरफार. जमीन या माणसाकडे कशी आली? वारसाने, खरेदीने, की आणखी कशाने? गुरूच्या बाबतीत विचारायचं ते असं: तुमच्या मालमत्ता शिबिरं सुरू करण्याआधीच्या की नंतरच्या? आधीच्या असतील तर जमिनीने तुम्हाला श्रीमंत केलं. नंतरच्या असतील तर आम्ही केलं. आणि पाच वर्षांपूर्वी तुम्ही कुठला भाग वाढणार म्हणाला होतात? तिथे आज काय भाव आहे?

इथे मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. फेरफार अगदी स्वच्छ असला तरी पुरत नाही. पुण्याचे डी. एस. कुलकर्णी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. टेलिफोन साफ करून सुगंधित करून देण्याच्या लहानशा धंद्यापासून सुरुवात केली आणि मोठे बांधकाम व्यावसायिक झाले. 'घराला घरपण देणारी माणसं' हे वाक्य तर घराघरात गेलं. मराठी मुलांनी धंद्यात यावं म्हणून त्यांनी व्याख्यानं दिली, आपल्यातल्या किती जणांनी ती ऐकली असतील. त्यांची कथा बनावट नव्हती. घरंही बांधली, लोक त्यात राहतात. पण हजारो लोकांनी त्यांच्याकडे ठेवी ठेवल्या, त्यातले कितीतरी निवृत्त होते. २०१७ साली पुण्यात तक्रारी दाखल झाल्या आणि २०१८च्या फेब्रुवारीत त्यांना दिल्लीत अटक झाली. आरोप सुमारे दोन हजार कोटींचा. पुढे त्यांना जामीन मिळाला. दोष किती, दुर्दैव किती, ते ठरवणं न्यायालयाचं काम, मी त्यात पडत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. माणसाची गोष्ट खरी असूनही तुमचे पैसे अडकू शकतात. कष्टाची कथा ही त्याच्या भूतकाळाची नोंद आहे. तुमच्या ठेवीचं तारण नव्हे.

आणि मोठा आकार? मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित, असंही आपल्याला वाटतं. पर्ल्स, म्हणजे पीएसीएल, आठवते? आपल्याकडेही गावोगाव त्यांचे एजंट होते. जमीन देतो म्हणून हप्ते घ्यायचे. करार करताना जमीन नेमकी कुठली ते ठरलेलंच नसायचं. कबड्डीच्या मोठ्या स्पर्धांना त्यांचं प्रायोजकत्व होतं. २२ ऑगस्ट २०१४ला सेबीने आदेश दिला तेव्हा परत करायची रक्कम निघाली ४९,१०० कोटी रुपये, आणि गुंतवणूकदार साडेपाच कोटींच्या वर. २ फेब्रुवारी २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितलं. पुढे आधी लहान रकमांचे दावे टप्प्याटप्प्याने निकालात काढले गेले. पर्ल्सच्या कागदात आणि माझ्या कपाटातल्या कागदात काय सारखं होतं? गट नंबर नव्हता. एवढी एक गोष्ट पाहिली असती तर साडेपाच कोटी लोकांना दुसरं काही शिकायची गरज नव्हती.

पाचवा रकाना, क्षेत्र आणि हद्द. गुरूचं ज्ञान कुठपर्यंत चालतं? पुण्याच्या हिंजवडीत जे झालं ते अक्कलकुव्यात होईल का? जो गुरू हद्द सांगत नाही, त्याची मोजणी झालेली नाही असं समजा.

यासाठी आपल्या जिल्ह्यात एक सोपी परीक्षा आहे. गुरूला विचारा, कलम ३६-अ काय आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं हे कलम १९७४ साली आलं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्याला राज्य सरकारची मान्यताही लागते. नाही तर व्यवहार टिकत नाही, जमीन परत जाते, पैसे बुडतात. आपला जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत आपली जवळजवळ ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. इथे जमिनीचा सल्ला द्यायचा आणि ३६-अ माहीत नाही, म्हणजे पोहायला शिकवायचं आणि तापी पाहिलेली नाही. दुसरा प्रश्न वनपट्ट्याचा. २००६च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसांना जाते, विकता येत नाही. धडगावच्या बाजूला 'डोंगरातला फार्महाऊस प्लॉट' दाखवणारे लोक मी नोकरीत पाहिलेत. त्यातला एक जण मला म्हणाला, "साहेब, हे कलम-बिलम आमचा माणूस बघतो." तो माणूस कुठला, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

हे कलम उगाच आलं नाही. त्याचा इतिहास आपल्या शहाद्याचा आहे. न वाचलेल्या कागदावर अंगठे घेऊन इथे आदिवासींच्या जमिनी गेल्या होत्या. १९७२च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने त्या परत मिळवण्यासाठी चळवळ उभी केली. आपण तेव्हा अगदी लहान होतो. त्या माणसांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते फसले. आपल्याला वाचता येतं. आपल्याला या शाळेने वाचायला शिकवलं. तरी आपण न वाचता सही करतो, हे मला जास्त लागतं.

आता शेवटचा रकाना, आकारणी. म्हणजे हिशेब. गुरू म्हणतो, दहा वर्षांत दुप्पट. ऐकायला किती छान. सरांनी आपल्याला चक्रवाढ व्याज शिकवलं होतं. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण ७.२ टक्के. आता पाच लाखांचा प्लॉट घ्या. मुद्रांक, नोंदणी, दलाली, मोजणी मिळून चाळीस हजार धरा. दहा वर्षांनी दहा लाखाला विकला, विकताना वीस हजार गेले. तर हातात पडतात सहा टक्क्यांच्या थोडंसं वर. बरं, तेही गिऱ्हाईक मिळालं तर. प्लॉटचे तुकडे करून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. आणि दहा वर्षांत पाचपट म्हणणारा वर्षाला साडेसतरा टक्के कबूल करतोय. एवढं तो खात्रीने मिळवत असेल तर बँकेकडून कर्ज काढून स्वतःच सगळे प्लॉट का घेत नाही? आपल्या अठरा हजारांवाचून त्याचं काय अडलंय?

मी सगळ्या शिकवणाऱ्यांना लबाड म्हणत नाही. वकील आहेत, निवृत्त नोंदणी अधिकारी आहेत, जे दोनशे-पाचशे रुपयांच्या पुस्तकात खरं ज्ञान देतात. ओळखायची खूण साधी. चांगला सल्ला त्या माणसाकडून आणखी काही विकत न घेता वापरता येतो. आणि चांगला सल्लागार कधी कधी 'घेऊ नका' असंही सांगतो. ज्याच्या तोंडून 'घेऊ नका' कधीच येत नाही, तो दुकानदार आहे. दुकानदार असणं वाईट नाही. पण त्याला गुरू म्हणू नये.

तर माझं उत्तर. सुरतेला जायचंच असेल तर दोघांनी जाऊन या, पहिलं फुकटचं सत्र ऐका, वही घेऊन जा. हे पाच प्रश्न सगळ्यांसमोर उभं राहून विचारा: तुमच्या जमिनीचे गट नंबर, उत्पन्नात शिबिरांचा वाटा, दलाली आणि रेरा क्रमांक, पाच वर्षांपूर्वीचे अंदाज, आणि कुठे तुमचा सल्ला चालत नाही. क्रेडिट कार्ड घरी ठेवा. तिथे कुणी कितीही टाळ्या वाजवल्या तरी त्या दिवशी सही नाही आणि पैसेही नाहीत. कागद आणा. दर रविवारी सकाळी मी घरीच असतो. आपण बसून वाचू, गुजरातेतला असेल तर तिथल्या माहितगार वकिलाला फी देऊन दाखवू. ती फी पंचवीस जणांत वाटली की चहाच्या पैशाएवढी होते.

विशेषतः निवृत्त गुरुजनांना माझी हात जोडून विनंती आहे. सर, बाई, तुमच्या उपदानाची आणि भविष्यनिर्वाहाची रक्कम ज्या महिन्यात खात्यावर येते, त्याच महिन्यात हे लोक दारात येतात. एक वर्ष ती रक्कम हलवू नका. एका वर्षात कुठलाही चांगला प्लॉट पळून जात नाही.

आणि मी सांगतो म्हणूनही काही करू नका. एकदा माझ्या सांगण्यावर एका मित्राने ऐंशी हजार घातले. पैसे परत करायला गेलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पैसा ऱ्हाऊ दे भो. कागद वाचत जाय."

गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, नववीत माझं एक उदाहरण बरोबर आलं होतं आणि तुम्ही शून्य गुण दिले होते. मी भांडायला आलो. तुम्ही वही माझ्यासमोर ठेवून म्हणालात, उत्तर आहे, रीत कुठे आहे? मी शेजारच्याचं पाहून लिहिलं होतं, हे तुम्हाला कळलं होतं. त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटतं, २००८ साली त्या सभागृहात मला तुमचा तो एक प्रश्न आठवला असता तर बरं झालं असतं.